पांढरी काठी व चलनवलन प्रशिक्षण (सोलापूर)

आपण कुठे आहोत हे ओळखणे आणि तिथून हव्या त्या ठिकाणी एकट्याने, सुरक्षित जाणे, हे अंध व अल्पदृष्टी व्यक्तींना शिकवण्याच्या पद्धतीला चलनवलन प्रशिक्षण म्हणतात. विशेष शिक्षक आणि विद्यार्थी बोलताना ‘मोबिलिटी’ एवढेच म्हणतात. पांढरी काठी हे त्यातले मुख्य साधन. पुढच्या एका पावलाची जमीन काठी तपासते. बाकीचा रस्ता कान, तळपाय, नाक आणि आठवणीवर चालतो. म्हणूनच शाळेच्या पटांगणात काठी सफाईने फिरवणारा मुलगा साखर पेठेच्या बोळात अडखळतो. प्रशिक्षण त्याच्या रोजच्या वाटेवर, म्हणजे घर ते शाळा, घर ते किराणा दुकान, घर ते बसथांबा असे व्हायला हवे. पटांगणातली तालीम ही फक्त हाताची तालीम असते.

काठी वापरणाऱ्याला अजिबात दिसत नसते असे नाही. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ नुसार चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासह ३/६० पेक्षा कमी असेल किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल, तरी ती व्यक्ती अंध ठरते. (३/६० म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसते ते तीन मीटरवरून दिसणे; दृष्टिक्षेत्र म्हणजे नजर न हलवता दिसणारा भाग.) समोरचा फलक वाचणाऱ्या माणसाला पायाखालची पायरी दिसत नाही, असे घडू शकते. ‘दिसतंय तरी काठी घेऊन फिरतो’ हा पेठेतला शेरा त्यामुळे गैरसमजातून येतो.

इतिहास

अंध माणसे काठी पूर्वापार वापरत आली आहेत. पांढरा रंग मात्र विसाव्या शतकातला. ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांनी दृष्टी गेल्यावर १९२१ मध्ये वाहनचालकांच्या नजरेत भरावी म्हणून आपली काठी पांढरी रंगवली. १९३१ मध्ये पॅरिसमध्ये गिली देर्बमाँ या बाईंनी अंधांना पांढऱ्या काठ्या वाटण्याची मोहीम काढली. त्या काठ्या आखूड होत्या आणि त्यांचे काम ओळख पटवण्याचे होते. लांब काठीने जमीन तपासत चालण्याचे तंत्र दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेतील व्हॅली फोर्ज रुग्णालयात रिचर्ड हूवर यांनी बसवले. आजचे प्रशिक्षण त्याच तंत्रावर उभे आहे. १५ ऑक्टोबर हा पांढरी काठी दिन अमेरिकेत १९६४ पासून पाळला जातो. आपल्याकडच्या अंधशाळांतही त्या दिवशी फेऱ्या निघतात.

काठीचे माप आणि धरण्याची रीत

काठी उभी धरली की तिचे वरचे टोक छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या कडेला यावे. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला हे माप साधारण ११५ ते १२० सेंमी होते. भरभर चालणाऱ्याला थोडी जास्त लांब काठी लागते. वाटपात सगळ्यांना एकाच मापाच्या काठ्या मिळाल्या की तक्रारी तिथूनच सुरू होतात. आखूड काठी अडथळा सांगेपर्यंत पाऊल पडलेले असते. फार लांब काठी गर्दीत लोकांच्या पायांत आणि सायकलच्या आऱ्यांत अडकते, आणि सांध्यात वाकते. घडीची काठी ॲल्युमिनियमच्या चार-पाच नळ्यांची असते. आतून ताणलेली लवचीक दोरी त्यांना एकत्र धरते. वर रबरी मूठ, खाली नायलॉनचे टोक. लोखंडी टोक कोटा फरशीवर घसरते, म्हणून टाळावे.

मूठ बेंबीच्या समोर, शरीराच्या मध्यरेषेवर धरतात आणि तर्जनी काठीवर सरळ ठेवतात. हालचाल मनगटातून होते, खांद्यातून नाही. टोक जमिनीलगत डावीकडून उजवीकडे कमान काढते आणि कमानीच्या दोन्ही कडांना जमिनीवर टेकते. कमान खांद्यांच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे जास्त, आणि मध्ये जमिनीपासून २-३ सेंमीपेक्षा वर नाही. उजवे पाऊल पुढे पडते तेव्हा टोक डावीकडे असते, म्हणजे डावे पाऊल पडण्याआधी त्याची जागा तपासून झालेली असते. हा ताल चुकला की काठी फिरत राहते आणि पाय न तपासलेल्या जागेवर पडतो. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मूठ हळूहळू उजव्या कमरेकडे सरकणे: कमान उजवीकडे जाते आणि डावी नडगी दुचाकीच्या सायलेन्सरवर आपटते.

असे कमानीच्या दोन कडांना टेकवत जाण्याऐवजी टोक जमिनीवर सतत घासत नेण्याचीही पद्धत आहे. किम, एमर्सन आणि कर्टिस यांच्या २००९ च्या अभ्यासात, जमीन अचानक खाली जाते ती जागा सतत स्पर्शाने जास्त खात्रीने कळते असे दिसले. उघडी गटारे आणि निघालेली चेंबरची झाकणे असलेल्या वस्तीत नवशिक्याला हीच पद्धत आधी शिकवावी. खडबडीत, उखडलेल्या रस्त्यावर टोक अडून मूठ पोटात टोचते. तिथे टेकवत जावे किंवा फिरते गोल टोक लावावे.

कमरेच्या वरचे काठीला काही कळत नाही. दुकानांचे उतरते पत्रे, ट्रकचा मागचा फळका, रस्त्यावर आलेला जिना यांसाठी दुसरा हात कोपरात वाकवून कपाळासमोर आडवा धरायला शिकवतात.

आवाज आणि यंत्रमाग

समोर भिंत आली की ती ‘चेहऱ्याला जाणवते’ असे अनेक अंध व्यक्ती सांगतात. कॉर्नेल विद्यापीठात सुपा, कॉट्झिन आणि डॅलनबाख यांनी १९४४ मध्ये याचा छडा लावला. चेहरा जाड नमद्याने (दाबून केलेल्या लोकरी कापडाने) झाकला तरी माणसे भिंतीआधी थांबत होती. कान बंद केल्यावर मात्र आपटू लागली. जाणीव पावलांच्या प्रतिध्वनीची होती. चालणाऱ्याला बोळाचे तोंड, उघडे दार, उभा टेम्पो असेच कळतात.

सोलापूरच्या पूर्व भागात हा प्रतिध्वनी यंत्रमागांच्या खडखडाटात बुडतो. चादरी आणि टॉवेलचे कारखाने वस्तीतच असल्यामुळे भिंत आणि मोकळी जागा यांतला फरक कानाला लागत नाही. अशा पट्ट्यात भिंतीची किंवा ओट्याची कड काठीने धरून चालणे बरे. त्याच आवाजाला खूण मानण्याचा मोह होतो: ‘माग ऐकू आले की डावीकडे वळायचे’. माग सुट्टीला बंद असतात, वीज गेली की थांबतात, आणि खूण हरवते. पक्की खूण म्हणजे न हलणारी: मंदिराची पायरी, रस्त्याचा चढ, फरशीनंतर येणारा डांबर. सूतरंगाईचा वास, शेंगा भाजल्याचा वास या दुय्यम खुणा, वाऱ्याबरोबर फिरणाऱ्या. ऊन मात्र दिशेसाठी चांगले: सकाळी ते डाव्या गालावर असेल तर तोंड दक्षिणेकडे. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि हा आधार संपतो.

खुणा लागतात, कारण दृष्टीविना सरळ चालणे कठीण असते. डोळे बांधलेली डोळस माणसे सरळ जायच्या प्रयत्नात गोल फिरतात, कधी २० मीटरहून कमी व्यासाच्या वर्तुळात, असे २००९ मध्ये जर्मनीतील संशोधकांना आढळले. मोकळे मैदान म्हणूनच बोळापेक्षा अवघड. मैदान ओलांडण्याआधी पाठ भिंतीला सपाट टेकवून दिशा घ्यावी आणि मग निघावे.

चौक, गर्दी आणि सोबत

चौक ओलांडण्याचे पाठ्यपुस्तकी तंत्र काटकोनात मिळणाऱ्या रस्त्यांसाठी आहे: आपल्याला समांतर वाहने एकदम सुटली की त्यांच्याबरोबर निघायचे. सोलापुरातल्या सात रस्ता या अनेक रस्ते मिळणाऱ्या चौकात ते लागू पडत नाही. तिथे समांतर असा प्रवाहच नीट ओळखू येत नाही, आणि उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या व जवळजवळ आवाज न करणाऱ्या ई-रिक्षा त्यात भर घालतात. अशा ठिकाणी चौकाच्या तोंडावर न ओलांडता मागे जाऊन एकाच रस्त्याचा सरळ भाग ओलांडावा, नाहीतर मदत मागावी. मदत मागणे हाही प्रशिक्षणाचाच धडा आहे. कुठे जायचे ते आधी सांगावे आणि काठी सोडू नये.

मदत करणाऱ्याने मनगट किंवा काठी ओढू नये. अंध व्यक्ती त्याच्या कोपराच्या जरा वर धरते आणि अर्धे पाऊल मागे राहते. मग वळण, थांबणे, पायरी हे सगळे त्याच्या हातातूनच कळते. अरुंद बोळ आला की पुढच्याने हात पाठीमागे न्यायचा, मागचा आपोआप एका रांगेत येतो. जिन्यापाशी थांबून ‘वर’ की ‘खाली’ एवढे सांगितले तरी पुरे.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते तेव्हा होम मैदानाच्या परिसरातल्या रोजच्या खुणा दुकानांखाली आणि पाळण्यांखाली जातात. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर काठीला कमान काढायला जागाच उरत नाही. तेव्हा मूठ सोडून काठी खाली, पेन्सिलीसारखी धरतात आणि जवळजवळ उभी ठेवून पायापुढे हलवतात. या दिवसांत ओळखीच्या वाटेवरही सोबत घेणे शहाणपणाचे.

स्पर्शफरशा

सेइइची मियाके यांनी जपानमध्ये १९६५ मध्ये शोधलेल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसवलेल्या उठावदार पिवळ्या फरशांत लांब पट्ट्या म्हणजे ‘चला’ आणि ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे धोका किंवा वळण’. त्या उलटसुलट बसवल्या, विजेच्या खांबावर नेऊन संपवल्या किंवा त्यांवर गाड्या लावल्या, तर नसलेल्या बऱ्या.

देखभाल

दिव्यांगांना सहायक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या १९८१ पासूनच्या एडिप योजनेखाली काठी मिळू शकते. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. खडीच्या रस्त्यावर टोक लवकर झिजते, सतत स्पर्शाच्या पद्धतीत आणखी लवकर. ते तिरके घासले गेले की काठी एका बाजूला ओढते, आणि नळीची कड जमिनीला लागू लागली की आवाज बदलतो. त्याआधी टोक बदलावे. आतली दोरी सैल झाली की सांधे चालताना सुटतात. नळ्या ओढून सोडल्यावर त्या आपोआप घट्ट बसत नसतील, तर दोरी बदलल्याशिवाय त्या काठीवर रस्ता ओलांडू नये.