टकाचोर की पांढऱ्या पोटाचा टकाचोर?

तांबूस अंग, काळे पंख आणि मागे लोंबणारी लांबलचक शेपटी दिसली की आपण ‘टकाचोर’ म्हणून मोकळे होतो. महाराष्ट्रात ते बहुतेक वेळा बरोबरच असतं. पण गोव्याच्या दक्षिणेला, सह्याद्रीच्या सदाहरित रानात याचा एक भाऊबंद राहतो, पांढऱ्या पोटाचा टकाचोर. भारताबाहेर तो कुठेच सापडत नाही, म्हणून तिथे घाईने नाव ठोकणं मला फार खटकतं.

आधी शेपटी सोडून द्या. नजर तिच्यावरच खिळते, पण दोघांचीही करडी आणि टोकाला काळी. लांबीही सारखीच, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ४८ सेंटिमीटर. पाठीच्या तांबूस रंगावरही जाऊ नका, तोही दोघांना आहे.

मान बघा. साध्या टकाचोराचं डोकं, मान आणि छाती धुरकट काळी. तो काळेपणा खाली पोटाच्या नारिंगी-तांबूस रंगात उतरतो. दुसऱ्याचा फक्त चेहरा आणि गळा काळा. डोक्याची मागची बाजू आणि मान पांढरीशुभ्र, पोटही तसंच. त्यामुळे पक्षी पाठमोरा बसला तरी ओळख पटते.

उंच झाडाखाली उभं राहून वर बघताना मात्र जपा. पांढऱ्या पोटाच्या टकाचोराच्या शेपटीच्या बुडाशी, खालून, गडद तांबूस डाग असतो. पानांतून तेवढाच दिसला की हमखास फसायला होतं. पोट दिसेपर्यंत दुर्बीण खाली घेऊ नका.

पंखही उपयोगी पडतात. साध्याच्या काळ्या पंखावर फिकट करड्या रंगाचा मोठा पट्टा असतो, दुसऱ्याच्या पंखावर लहानसा पांढरा ठिपका.

साधा टकाचोर पानझडी जंगल, शेतीकडेची झाडं, बागा, कुठेही रमतो. फळं, किडे, सरडे, दुसऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं, त्याला काहीच वर्ज्य नाही. रणथंभोरला तर तो पर्यटकांच्या हातावर येऊन बसतो. पांढऱ्या पोटाचा टकाचोर दाट रान सहसा सोडत नाही. केरळातलं तट्टेकाड पक्षी अभयारण्य त्याच्यासाठी चांगलं ठिकाण. तिथे भृंगराज, म्हणजे कोतवालाच्या कुळातला काळा पक्षी, ओरडताना ऐकू आला की थांबा आणि त्याच्या आसपासच्या फांद्या नीट बघा. मिश्र थव्यांत भृंगराज आणि हा टकाचोर पुष्कळदा एकत्र हिंडतात.