ब्युरेटला हात लावायच्या आधी एक बटण

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला टायट्रेशनचं, म्हणजे ब्युरेट नावाच्या खुणा केलेल्या नळीतून थेंब थेंब सोल्युशन सोडून दुसऱ्या सोल्युशनची ताकद मोजायचं प्रॅक्टिकल आठवतंय का? सगळी बॅच सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) जुळवण्याच्या मागे, म्हणजे दोन रीडिंग सारखी आली की सुटलो, आणि नाहीच आली तर शेजारच्याच्या जर्नलमध्ये डोकावायचं. आम्ही पण तेच केलं. आता वाटतं की रीडिंग घ्यायच्या आधी आम्हाला कोणीतरी फक्त एक प्रश्न विचारायला हवा होता.

प्रश्न असा. कॉनिकल फ्लास्क, म्हणजे ज्यात सोल्युशन मोजून घेतात ते भांडं, शेवटी कशाने विसळायचा? अ) डिस्टिल्ड वॉटरने, ब) त्यात जे सोल्युशन घेणार त्यानेच, क) विसळून चालणार नाही, कोरडाच हवा. प्रत्येकाने क्लिकरवर, म्हणजे छोट्या रिमोटसारख्या यंत्रावर, आपलं उत्तर दाबायचं आणि कोणत्या उत्तराला किती मतं पडली ते लगेच स्क्रीनवर. ब्युरेट आणि पिपेट (ठरावीक माप उचलायची नळी) सोल्युशनने विसळतात म्हणून ब बरोबर वाटतो, पाण्याने सोल्युशन पातळ होईल म्हणून क पण पटतो. पण बरोबर उत्तर अ: पिपेटने 10 मिली सोडियम हायड्रॉक्साइड मोजून घातलं की त्यात अल्कली किती ते ठरलं, खाली पाणी असलं तरी ते वाढत नाही की कमी होत नाही. उलट तेच सोल्युशन फ्लास्कच्या तळाशी अर्धा मिली राहिलं तर तेवढ्याच ताकदीचं ॲसिड 10 च्या जागी 10.5 मिली लागेल, इंडिकेटरचा गुलाबी रंग उशिरा जाईल आणि पोरं ब्युरेटला दोष देत बसतील.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर 1991 पासून असंच शिकवत आलेत. आधी एकट्याने मत द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग परत मत. साधारण 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर असतील तर चर्चेला खरी मजा, त्याहून कमी असतील तर सरळ परत समजवा. त्यांच्याच गटाने 2004 मध्ये दाखवलं की नुसता प्रयोग बघितलेल्या मुलांना तो न बघितलेल्यांपेक्षा फारसं जास्त कळत नाही, पण आधी अंदाज बांधायला लावला तर चांगला फरक पडतो. आणि 2009 चा कोलोरॅडो विद्यापीठातला जेनेटिक्सच्या वर्गावरचा अभ्यास तर मला फारच आवडतो, तिथे गटात बहुतेक कोणालाच उत्तर माहीत नसताना सुद्धा चर्चेनंतर मुलं तसाच नवा प्रश्न एकट्याने जास्त बरोबर सोडवायला लागली!

म्हणून माझं ठाम मत आहे, क्लिकर हजेरीसाठी किंवा मार्कांसाठी वापरू नका. मार्क आले की पोरं हुशार मुलाचं बोट बघून बटण दाबतात आणि ज्यासाठी विचारलं तेच हातातून जातं.

यंत्रं परवडत नसतील तर प्लिकर्स नावाच्या ॲपची छापील कार्डं आहेत, कार्ड ज्या बाजूने वर धरलं ते तुमचं उत्तर, सरांच्या एकाच मोबाइलचा कॅमेरा सगळी वाचतो, मुलांना फोन आणायची गरजच नाही. फक्त लॅमिनेट करताना मॅट फिनिशचं करून घ्या, लॅबमध्ये हात कायम ओले असतात आणि चकचकीत कार्डावर ट्यूबलाइट चमकली की कॅमेऱ्याला काही दिसत नाही.