वारली आणि वाळवंटी ठिपकेचित्रं: आधी पाहायचं कुठून?

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी चित्रांना ‘वारलीसारखंच, फक्त ठिपक्यांचं’ म्हणणं आता पुरे झालं. वारली आपल्याला ठाऊक आहे: गेरूची भिंत, तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, लग्नाचा चौक. रंगांतला फरक तर कोणालाही दिसतो.

घोळ होतो तो नजरेचा. वारलीत तारपा नाचाचं वेटोळं वरून दिसलं, तरी नाचणारे बाजूनेच दिसतात. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी चित्रात जवळजवळ सगळं वरून असतं, आणि तेही बहुतेकदा माणूस किंवा प्राणी नव्हे, त्याची वाळूत उमटलेली खूण. इंग्रजी यू-सारखा आकार हा मांडी घालून बसलेल्या माणसाचा ठसा. शेजारी खणायची काठी आणि लांबट लाकडी पात्र असेल, तर ती बाई. तीन बोटांचा बाण एमूचा. दोन पावलांमधली लांब रेघ कांगारूच्या शेपटीची. एकात एक वर्तुळं पाणवठा, तळ किंवा विस्तव दाखवतात. नेमकं काय, ते कथा ठरवते. म्हणून चिन्हांच्या तयार तक्त्यांवर विसंबू नका.

तिथलेच चित्रकार क्लिफर्ड पॉसम जापाल्जारी यांचं ‘वार्लुगुलाँग’ (१९७७) हे चित्र पाहा. मुलांनी कांगारूचं मांस बापाला न देता खाल्लं, म्हणून त्या बापाने, लुंगकाटा या सरडा-पूर्वजाने, वणवा पेटवला. तो वणवा मध्यभागी फुटतो, एका बाजूला मुलांचे सांगाडे पडलेत, आणि भोवती इतर पूर्वजांच्या वाटा पावलांच्या ठशांनी जातात. ड्रीमिंगची, म्हणजे पूर्वजांनी भूमी घडवल्याची, कथा आणि तिची भूमी इथे एकाच कॅनव्हासवर आहेत. अशी कथा रंगवायचा हक्क नात्याने मिळतो; आवडली म्हणून उचलता येत नाही.

ठिपके सहसा शेवटी येतात. कॅनव्हास जमिनीवर पसरून काळा किंवा तांबूस थर देतात, त्यावर वर्तुळं आणि वाटा काढतात, मग काठीच्या टोकाने ॲक्रिलिकचे ठिपके. रंग घट्ट असला तर ठिपक्याला शेपूट येते, पातळ असला तर शेजारच्यात मिसळतो. १९७१ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या या वस्तीत शाळेच्या भिंतीवरून ही चळवळ सुरू झाली. पुढे गुप्त विधींचे तपशील परक्यांना दिसू नयेत म्हणून काही चित्रकारांनी ते ठिपक्यांखाली झाकले.

बाजूने काढलेला कांगारू ठिपक्यांनी भरून त्याला ‘वाळवंटी शैली’ म्हणणाऱ्या कार्यशाळा मात्र डोक्यात जातात. आतले अवयव दाखवणारा, बाजूने दिसणारा कांगारू पार उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधला, झाडाच्या सालीवरचा.