सापाची मुळी आणि काचेची नळी

पावसाळ्यात ठाण्याच्या जांभळी नाक्यावर रानभाज्या विकणाऱ्या मावशींकडे टाकळा-कुर्डूच्या जुड्यांशेजारी कधीमधी एखादी मुळी दिसते. गेल्या श्रावणात विचारलं, ही कशाची? "सापाची. उगाळून पाजायची." विष उतरतं? "सगळ्यांचंच नाही उतरत," म्हणाल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. इतकं प्रामाणिक उत्तर मला मोबाइलवर फिरणाऱ्या एकाही 'रामबाण' औषधाच्या निरोपात सापडलेलं नाही.

ज्यांचं उतरतं त्यांचं का उतरतं, हे कोडं फार अवघड नाही. येऊरच्या पाड्यांवर काय किंवा घोडबंदरच्या सोसायट्यांत काय, माणसाच्या वाटेत येणारे बरेचसे साप धामण, दिवड, कवड्या, तस्कर असे बिनविषारी. नाग किंवा घोणसही प्रत्येक चाव्यात विष सोडतातच असं नाही. असा माणूस मुळी न पाजताही बरा झाला असता. वैदू मुद्दाम फसवतो असं मी म्हणणार नाही. त्यालाही डोळ्यांसमोर माणूस उठून बसलेलाच दिसतो.

पण म्हणून या वनस्पती पोकळ नाहीत. सर्पगंधाच घ्या. नावातच साप, पण तिचा खरा गुण रक्तदाब उतरवण्याचा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तो जगापुढे मांडला आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पीन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं. घोणस चावल्यावर आधीच रक्तदाब कोसळू शकतो, तिथे हे औषध उलटंच पडेल.

ईश्वरीची गोष्ट आणखी विचित्र. तिला सापसंदही म्हणतात. कॉमन रोझ फुलपाखराच्या अळ्या हिची पानं खातात आणि त्यातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. ओवळ्याच्या बागेत ते संथ, बेफिकीर उडणं बघताना मला नेहमी त्या आम्लाची आठवण होते. माणसात हेच आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं आणि कर्करोगही घडवतं. घोणशीचं विषही मूत्रपिंडांवरच घाला घालतं.

मग 'अमुक वनस्पती विष निष्प्रभ करते' असं शोधनिबंधांत छापून येतं ते खोटं का? नाही. अनंतमुळाच्या, म्हणजे आपल्या उपळसरीच्या, मुळांतल्या घटकांनी घोणशीच्या विषाचे काही परिणाम उंदरांत कमी झालेले दिसले आहेत. चिंचोक्याच्या अर्कावरही असं काम झालंय. गोम असते प्रयोगाच्या रीतीत. बऱ्याचदा विष आणि अर्क आधी काचेच्या नळीत एकत्र करून काही वेळ ठेवतात, मग ते मिश्रण उंदराला टोचतात. हिरडा चघळला की तोंड कसं आवळून येतं? त्यातली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात. विषही मुख्यतः प्रथिनांचंच. तेव्हा नळीत एखादा तुरट काढाही विषाला जेरबंद करू शकतो. पण साप चावण्याआधी आपलं विष आपल्या काढ्यात कालवून देत नाही! चावल्यावर ते थेट शरीरात पसरू लागतं, आणि उगाळलेली मुळी जाते पोटात. टॅनिनं तिथून रक्तात फारशी पोचतच नाहीत.

खाजकुयलीचं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. नायजेरियात काही लोक साप चावू नये म्हणून नव्हे, चावलाच तर तरावं म्हणून तिच्या बिया आधीच गिळून ठेवतात. उंदरांना तिच्या बियांचा अर्क आधी टोचून ठेवला, तर फुरशाच्या विषापासून त्यांचं काही प्रमाणात रक्षण होतं. बीमधल्या एका प्रथिनाविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) विषातल्या प्रथिनांनाही ओळखतात. म्हणजे हा एक प्रकारे लसीचा मार्ग झाला, चावल्यानंतरच्या उताऱ्याचा नव्हे.

दवाखान्यातलं प्रतिसर्पविषही प्रतिपिंडांचंच. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ती मिळवतात आणि रुग्णाला शिरेतून देतात. भारतातलं हे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बेतलेलं आहे. येऊरच्या बांबूंत बसणारा हिरवा चापडा त्यात नाही, हा त्याचा उणेपणा. एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, आणि घरचे पित्त समजून ओवा देतात. अशा वेळी मुळी उगाळण्यात गेलेला अर्धा तास फार महाग पडतो. चावा कापू नये, आवळून बांधू नये, हात-पाय हलू न देता १०८ला फोन करावा.

दवाखान्यातही एक काचेची नळी असते. स्वच्छ, कोरडी. तिच्यात रुग्णाचं थोडं रक्त घेतात, २० मिनिटं हात लावत नाहीत, मग नळी हळूच कलती करतात. रक्त थिजलेलं नसेल आणि पाण्यासारखं ओघळलं, तर विषाने थिजण्याची क्रिया बिघडवली असं समजून डॉक्टर प्रतिसर्पविषाच्या कुप्या उघडायला घेतात.