आयकोड्स आणि आयबीट्रॅक्स: समुद्री वादळांच्या जुन्या नोंदी शोधताना

अरबी समुद्रातल्या जुन्या वादळांचा अभ्यास करायला बसलं की दोन नावं लगेच समोर येतात: आयकोड्स (ICOADS) आणि आयबीट्रॅक्स (IBTrACS). दोन्ही नोंदसंच मोफत मिळतात, दोन्हींमागे अमेरिकेची नोआ (NOAA) ही हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आहे आणि दोन्हींत वारा, हवेचा दाब, अक्षांश-रेखांश असतात. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा उचलला जातो.

आयकोड्समध्ये वादळं नसतातच. तिथे जहाजांची आणि तरंगत्या बोयांची निरीक्षणं असतात: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी बॅरोमीटर काय दाखवत होता, वारा कुठून येत होता, पाण्याचं तापमान किती होतं. सर्वांत जुन्या नोंदी १६६२ सालापर्यंत मागे जातात. त्या वेळी, त्या डेकवर कुणीतरी प्रत्यक्ष उभं होतं, हे या नोंदींचं बळ. पण कप्तान वादळाची चाहूल लागताच जहाज वळवतो, म्हणून नेमक्या हव्या त्या ठिकाणी नोंदी विरळ होतात. शिवाय जुन्या लॉगबुकांत एक खाच आहे. ब्रिटिश नौदलात १८०५पर्यंत समुद्री दिवस नेहमीच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी बारा वाजता सुरू होई. हे ध्यानात घेतलं नाही तर दुपारनंतरची नोंद चक्क एक दिवस पुढे सरकते.

आयबीट्रॅक्समध्ये याउलट वादळच मुख्य. केंद्र कुठे होतं, कमाल वारा किती होता, याची दर तीन तासांची ओळ मिळते. हा आकडा बहुतेक वेळा कुणी मोजलेला नसतो. वादळ ओसरल्यावर हवामान संस्थेतले तज्ज्ञ उपलब्ध पुरावे पुढ्यात घेऊन ‘बेस्ट ट्रॅक’, म्हणजे वादळाचा सर्वांत ग्राह्य मार्ग आणि तीव्रता, ठरवतात आणि जगभरच्या संस्थांचे असे निर्णय इथे एकत्र येतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं: आयकोड्स साक्ष देतं, आयबीट्रॅक्स निकाल देतं.

आणि निकाल संस्थेगणिक बदलतात. आपलं भारतीय हवामान खातं तीन मिनिटांच्या सरासरीचा वारा धरतं, अमेरिकेचं संयुक्त चक्रीवादळ इशारा केंद्र एका मिनिटाचा. सरासरीचा काळ छोटा असला की कमाल वारा मोठा दिसतो. त्यामुळे एकाच वादळासाठी दोन संस्थांच्या दोन स्तंभांत दोन आकडे दिसतात. २०२१च्या तौक्तेसाठी एक स्तंभ आणि जुन्या वादळासाठी दुसरा वापरून ‘वादळं तीव्र होत आहेत’ असं कुणी मांडलं, तर तो निष्कर्ष हवामानाचा नसून मोजणीच्या पद्धतीचा असू शकतो. दुसरा धोका संख्येचा. १९६०मध्ये पहिला हवामान उपग्रह उडाला, त्याआधी खोल समुद्रातल्या एखाद्या वादळाच्या वाटेत जहाज आलंच नसेल, तर ते यादीत येणार कसं? १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर अरबी समुद्रात बोटींची वर्दळ वाढली, म्हणजे पाहणारे डोळेही वाढले.

याद्यांवर आंधळा विश्वास किती महाग पडतो, हे मुंबईच्या बाबतीत दिसतं. ६ जून १८८२ रोजी शहरावर वादळ आदळून लाखभर माणसं मेली, हे विधान वर्षानुवर्षं फिरत राहिलं. संशोधकांनी मूळ नोंदी तपासल्या तेव्हा तसा कोणताही पुरावा हाती लागला नाही.

म्हणून दोन्ही संच एकामागून एक वापरावेत. समजा, नोव्हेंबर १९४८मध्ये मुंबईला झोडपणारं वादळ अभ्यासायचं आहे. आधी आयबीट्रॅक्समधून तारखा आणि मार्ग घ्यावा. मग त्या दिवसांच्या, मार्गाभोवतीच्या चौकोनातल्या जहाजांच्या नोंदी आयकोड्समधून काढाव्यात. दाब उतरत गेला आणि वाऱ्याची दिशा वळत गेली असेल, तर मार्गाला आधार मिळाला. चौकोन रिकामा निघाला, तर तिथे समुद्र शांत होता असं मात्र समजू नये.