प्रोलॅक्टिनचा आकडा: आजाराचा की गोळीचा?

स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा हात असावा, हा संशय 1950 च्या दशकातला. पण मेंदूतले सेरोटोनिन थेट मोजता येत नाही. त्यावर पुढे आडवाट निघाली. फेनफ्लुरामीन नावाची भूक कमी करणारी गोळी द्यायची आणि पुढचे काही तास ठरावीक अंतराने रक्त घ्यायचे. गोळीने सेरोटोनिन सुटते, पाठोपाठ रक्तात प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारे संप्रेरक) आणि कॉर्टिसॉल (ताणाचे संप्रेरक) चढतात. चढ कमी दिसला तर सेरोटोनिनची यंत्रणा मंदावली, असा हिशेब.

वाद पेटला तो चालू औषधांवरून. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येणाऱ्या प्रोलॅक्टिनवर डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचा लगाम असतो. हॅलोपेरिडॉलसारखी स्किझोफ्रेनियावरची औषधे तोच सोडवतात, म्हणून चाचणीआधीच आकडा चढलेला. मग औषध काही आठवडे बंद ठेवून रक्त घ्यायचे ठरले. पण महिन्याचे इंजेक्शन घेतलेल्याच्या अंगातून औषध इतक्यात जात नाही. शिवाय गोळ्यांविना तग धरणारेच चाचणीपर्यंत पोचतात, ते सगळ्या रुग्णांचे प्रतिनिधी कसे? निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत, यात नवल नाही. एका आकड्यासाठी सावरलेल्या माणसाचे औषध तोडणे मला कधीच पटले नाही.

क्लोझापीन या स्किझोफ्रेनियावरच्याच दुसऱ्या औषधाने गुंता थोडा सुटला. त्याने प्रोलॅक्टिन फारसे वाढत नाही, तरीही ते घेणाऱ्यांत फेनफ्लुरामीननंतरचा चढ दबलेला आढळला. क्लोझापीन सेरोटोनिनचे काही रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या ज्या जागी ते काम करते त्या जागा, अडवते. म्हणजे निदान हा दबलेला चढ तरी औषधाचा, आजाराचा नव्हे. हृदयाच्या झडपा बिघडत असल्याचे दिसल्यावर 1997 मध्ये फेनफ्लुरामीन बाजारातून गेले आणि चाचणीही मागे पडली.

प्रोलॅक्टिन मात्र राहिले. रिस्पेरिडोन हे याच आजारावरचे औषध सेरोटोनिनही अडवते, पण प्रोलॅक्टिन चांगलेच चढवते. ते चढले की पाळी चुकते. बीड, जालना, परभणीकडची बाई पाळी चुकली की आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते. गरोदरपणाची तपासणी निगेटिव्ह, सोनोग्राफीत काही नाही. "पिशवीचं काहीतरी असंल," असं म्हणून घरचे पुढच्या दवाखान्यात नेतात. ऊसतोडीला कारखान्यावर गेलेल्या बाईचा तर महिनोन्‌महिने कुणाला पत्ता नसतो. अंगावर दूध येते ते ती लाजेने सांगत नाही. कधी घाबरून गोळीच सोडते आणि आजार उलटतो. औषध सुरू करतानाच पाळीबद्दल विचारून ठेवावे, पुढे दर भेटीत विचारावे. आकडा चढलाच तर डोस कमी करता येतो, किंवा प्रोलॅक्टिन सहसा न चढवणाऱ्या ॲरिपिप्रॅझोल या औषधावर हळूहळू वळवता येते.