किट बिअरमधील हॉप्सची भर

किट बिअरमधील हॉप्सची भर : डबाबंद माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) पाकापासून, म्हणजे ‘किट’पासून, घरी केलेल्या बिअरला वरून हॉप्स (एका वेलीचे कडू, सुगंधी फुलोरे) घालून वास आणि चव आणण्याची रीत. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत ती चांगली रुळलेली आहे. घरगुती बिअरसाठी परवाना काढण्याची अट ब्रिटनमध्ये १९६३ साली गेली, अमेरिकेत केंद्रीय कायद्याने १९७८ साली मुभा दिली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य करणे हा गुन्हा आहे, मग ते घरच्यापुरते का असेना. त्यामुळे कोल्हापूरकराची या डब्याशी गाठ पडते ती शिक्षण-नोकरीनिमित्त परदेशी गेल्यावर.

डबा उघडल्यावर त्याला पहिल्यांदा आठवते ती काकवी. तोच काळपट तांबूस रंग, तीच चमच्यावरून धरणारी तार. फरक कळतो तो जिभेवर ठेवल्यावर: गोडामागून कडू येते. साधारण १.७ किलोच्या एका डब्यात २३ लिटर बिअर होते. बार्लीच्या माल्टचा गोड अर्क कारखान्यात आटवून हा पाक करतात आणि कडवटपणापुरते हॉप्स त्यातच घातलेले असतात. मग पुन्हा भर कशाला?

उत्तर गुऱ्हाळावर मिळते. काहिलीला उकळी फुटली की वास बांध ओलांडून रस्त्यापर्यंत येतो, जाणारा-येणारा सायकल थांबवतो. पण रस्त्यावर आलेला तो वास काहिलीतून गेलेलाच असतो. पाक आटवताना हॉप्सचेही तेच होते. कडू राहते, सुगंध वाफेबरोबर जातो.

हॉप्स म्हणजे भांगेच्या कुळातल्या एका वेलीचे मादी फुलोरे. (चुलत नाते असले तरी भांगेची नशा यात नाही.) पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी चिकट पूड असते, ती लुप्युलिन. तिच्यात दोन गोष्टी एकत्र नांदतात. एक, आल्फा आम्ले: ती उकळल्यावर रूप बदलतात आणि तेव्हाच खरी कडू होतात. दुसरी, मायर्सीन, ह्युम्युलीन, लिनालूल अशी सुगंधी तेले, ज्यांतले मायर्सीन तर उकळीत फार लवकर उडून जाते. एकाला उकळी हवी, दुसऱ्याला ती सोसत नाही. किटमध्ये पहिले काम झालेलेच असल्याने जादा हॉप्स तासभर उकळणे हा वेडेपणा आहे. त्याने बिअर नुसती कडूजहर होते. भर घालायची ती शेवटी.

सोपी वाट काढ्याची. पाणी उकळून खाली उतरवायचे, ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास आले की लिटरभर पाण्यात २०-२५ ग्रॅम हॉप्स टाकून झाकण ठेवायचे, वीसेक मिनिटांनी गाळून किटच्या पिंपात ओतायचे. ८० अंशांखाली आल्फा आम्लांचे रूपांतर फार मंद चालते, म्हणून वास येतो आणि कडूपणा फारसा चढत नाही. दुसरी वाट: थोडा पाक पाण्यात उकळून शेवटच्या पाच-दहा मिनिटांत हॉप्स टाकणे. यात वासापेक्षा चव जास्त उतरते.

तिसरी ड्राय हॉपिंग, आणि वासासाठी हिच्या तोडीची दुसरी नाही. आंबण्याचा जोर ओसरला, वरचा फेस बसला की २३ लिटरला २५ ते ५० ग्रॅम हॉप्स तसेच, न शिजवता टाकतात. तीन-चार दिवस पुरतात. जास्त दिवस ठेवले तर जास्त वास येतो हा गैरसमज आहे, उलट कापलेल्या गवतासारखी चव येऊ लागते. मलमलीच्या पुरचुंडीत बांधून टाकले तर बाटल्या भरताना गाळ कमी येतो, पण फडके उकळून घ्यायला हवे, आणि पुरचुंडी सैल बांधायची, हॉप्स फुगतात. एक धोका नवख्यांना ठाऊक नसतो. हॉप्समधल्या विकरांमुळे उरलेली पिष्टमय शर्करा फुटून यीस्टला नवे खाद्य मिळते आणि थंडावलेले आंबणे पुन्हा सुरू होते. घाईने बाटल्या भरल्या तर त्या फुटतात. हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा दोन-तीन दिवस जागचा हलला नाही, की मगच बुचे लावावीत.

वाण कोणता, हे किटवर ठरते. साध्या लागरला (फिकट, हलक्या बिअरला) चेक देशातला साझ शोभतो, पेल एल या तांबूस बिअरला अमेरिकन कॅस्केड. हा वाण १९७२ साली बाजारात आला आणि त्याचा वास मोसंबी-पपनसाच्या वळणाचा. स्टाउट या काळ्या बिअरमध्ये भाजक्या माल्टपुढे महागडे सुगंधी हॉप्स वाया जातात. जुने, हवा लागलेले हॉप्स मात्र कशातही घालू नयेत, त्यांना शिळ्या चीजचा वास येतो. पाकीट फोडले की उरलेले घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवावेत, आणि घरात कुत्रे असेल तर वापरून उरलेला चोथासुद्धा त्याच्या तोंडी लागू देऊ नये. हॉप्सने कुत्र्याचा ताप जीवघेणा चढतो.

किटबरोबर किलोभर साखर घालायची असते, आणि कोल्हापूरकराच्या मनात इथे गूळ आल्यावाचून राहत नाही. गूळ आंबतो, त्यात अडचण नाही. पण त्याचा स्वतःचा दाट वास हॉप्सच्या हलक्या सुगंधावर बसतो. वासासाठीच खटाटोप असेल तर साखरेच्या जागी माल्टची पूड घ्यावी, बिअरला दाटपणाही येतो.

हॉप्सचा वेल कोल्हापुरात लावून मात्र उपयोग नाही. त्याला कडक थंडीची विश्रांती आणि उन्हाळ्यातले लांब दिवस लागतात. मुख्य लागवड ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात होते. कोल्हापूर १६.७ अंशांवर, तिथला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या आसपास. भारतात हॉप्स पिकतात ते हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात.